मैत्रीपूर्ण हसू, खांद्यापर्यंत

मला हसता येत नाही असं नाही. माझं हसणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जातं, कोणालाही विचारा. पण मोबाइल समोर धरून कोणी "हस" म्हटलं की संपलं. चेहरा असा होतो, की समोरच्याला वाटावं आपण हिचे पैसे बुडवलेत.

हे आमच्या माहेरचंच वळण. वडील आम्हा भावंडांना वर्षातून एकदा स्टुडिओत न्यायचे आणि दारातच दम द्यायचे, "दात दिसता कामा नयेत." फोटो म्हणजे गंभीर काम, तिथे खिदळायचं नाही. आमचा जुना अल्बम उघडलात तर सगळे जण कोर्टाच्या निकालाला उभे राहिल्यासारखे दिसतात. बारशातसुद्धा.

अशा घरातल्या मुलीला त्या शनिवारी सकाळी मेल आला: प्रोफाइलसाठी फोटो पाठवावा. साधी, स्वच्छ पार्श्वभूमी. व्यावसायिक पोशाख. खांद्यापर्यंत. चेहऱ्यावर मैत्रीपूर्ण हसू.

मी तो मोठ्याने वाचून दाखवला. नवरा चहा पीत होता. कप खाली ठेवून म्हणाला, "मैत्रीपूर्ण? वाट लागली."

हा मेल कशाचा, ते सांगते. मी बरीच वर्षं जोगेश्वरीत एका कोचिंग क्लासमध्ये मराठी शिकवलं. दहावीला मराठीत आपटलेली पोरं माझ्याकडे यायची, आणि मी त्यांना ओरडून ओरडून पलीकडच्या काठाला लावायचे. मग क्लास बंद पडला, तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आलं आणि मी घरी बसले. शिक्षिका घरी बसली की घरच्यांचे काय हाल होतात ते माझ्या घरच्यांना विचारा. टीव्हीवरच्या मालिकेतल्या बायकांना मी खडसावायला लागले होते. वाण्याच्या दुकानातली पाटी खडूने दुरुस्त करून आले होते. नवऱ्याने सामानाची यादी पाठवली तर ती लाल रंगात परत जायची.

परदेशात राहणाऱ्या मराठी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवणारी एक संस्था आहे, तिथे मी अर्ज केला. फोनवर मुलाखत झाली. त्या बाई गोड होत्या. म्हणाल्या, "तुमचा आवाज फार छान आहे हो, शिकवणंही आवडलं. आता फक्त फोटो राहिला. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत टाका. सोमवारी पालकांना नव्या शिक्षकांची यादी जाते. ते फोटो बघूनच निवडतात. कोणी निवडलं नाही, तर मग पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! मला ती नोकरी हवी होती. पैशासाठी हवी होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त मला परत कोणाला तरी शिकवायचं होतं. फळा मोबाइलच्या काचेएवढा असला तरी चालला असता. आणि ते सगळं आता माझ्या तोंडावर, म्हणजे अक्षरशः माझ्या तोंडावर अवलंबून होतं.

मुलगी कॉलेजात जाते, घरातला फोटोंचा कारभार तिच्याकडे. ती म्हणाली, "मम्मी, नवीन कशाला काढायचा? असेल ना जुना एखादा." बसली मोबाइलमध्ये शोधत. एका लग्नात मी पुलावाची ताटली धरून तोंड उघडलेलं. एका सहलीत माझी पाठ. वाढदिवसाच्या फोटोत केकमागे माझा अर्धा कान. एकच फोटो बरा निघाला, त्यात मी जवळजवळ माणसासारखी दिसत होते, पण नणंदेने गळ्यात हात टाकलेला. मुलीने नणंदेला कापलं, तर माझ्या खांद्यावर मेंदी लावलेली पाच बोटं राहिली.

"भूत वाटतंय," नवरा म्हणाला.

"तुझीच बहीण आहे," मी म्हटलं.

मग ठरलं, नवीनच काढायचा. घरातच.

आमचं वन रूम किचन, दुसऱ्या मजल्यावर. नवरा वायरिंगची कामं करतो. इलेक्ट्रिशियनच्या घरात कधीही जा, प्रत्येक भिंतीवर कुठली ना कुठली वायर लोंबत असते. दुसऱ्यांची घरं उजळायची आणि आपल्याकडे बेसिनवरचा बल्ब वर्षभर लुकलुकतोय, अशातली गत. शिवाय त्याची ती घडीची शिडी. ती आमच्या पॅसेजमध्ये कायमची मुक्कामाला आहे. बाथरूमला जाताना माझी करंगळी तिला आपटते आणि मी रोज सकाळी तिला शिव्या घालते. सासूबाई म्हणतात की शेजाऱ्यांना वाटतं घरात कोणी भाऊबंद राहायला आलाय.

एकच भिंत स्वच्छ. सासूबाईंनी बुद्धमूर्तीसाठी फळी ठोकून घेतली आहे ती. बुद्धपौर्णिमेच्या आधी तिला दरवर्षी पांढरा हात मारला जातो, बाकीचं घर काळं पडलं तरी चालेल. मूर्तीमागे नवऱ्याने बारीक दिव्यांचं गोल कडं लावून दिलंय, ते सेलवर चोवीस तास फिरत असतं, वीज असो वा नसो.

"आई, दहा मिनिटं फळी रिकामी करू या का?" मी विचारलं.

"बुद्ध कुठं जाणार न्हाई," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "तू सरक."

मी सरकले. आता कपडे. व्यावसायिक पोशाख म्हणजे काय, यावर घरात कोणाचंच एकमत होईना. मुलगी म्हणाली ब्लेझर. कोणाचा ब्लेझर? नवरा म्हणाला रोजचीच साडी नेस. सासूबाईंनी मात्र कपाट उघडून माझी पांढरी साडी काढली, निळ्या काठाची, आम्ही वंदनेला विहारात जाताना नेसतो ती. आमच्याकडे चांगलं नेसायचं म्हणजे पांढरंच. "स्वच्छ पाहिजे म्हणतायत न्हवं ते? पांढऱ्याहून स्वच्छ काय असतंय, सांग."

मी निमूट साडी घेतली. शिक्षिका असून.

पांढरी साडी नेसून मी पांढऱ्या भिंतीपुढे उभी राहिले. पहिल्या फोटोत पॅसेजमधली शिडी माझ्या कानातून निघून छताला गेलेली. शिडी हलवली. दुसऱ्यात मी अंधारात. मग नवऱ्याचा कामातला कारागीर जागा झाला. त्याने पिशवीतून हॅलोजन काढला, वायर जोडली आणि तो माझ्या तोंडावर मारला. बाई गं! डोळ्यांपुढे काजवे. दोन मिनिटांत साडीखाली घामाच्या धारा.

"आता हस," तिघंही एकदम.

मी प्रयत्न केला.

"हे मैत्रीपूर्ण नाहीये," मुलगी म्हणाली. "ही धमकी आहे."

नवऱ्याने त्याचा एकमेव विनोद सांगितला, मी तो लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून ऐकतेय. सासूबाईंनी सूचना केली, "दात दाव, पण वरचेच." मुलगी म्हणाली, "मम्मी, असं समज, तू पेपर तपासलेत आणि तुझा सगळा वर्ग पास झालाय. एकजात सगळे."

मी समजले. आणि लगेच मनात आलं, सगळे? एकजात? म्हणजे नक्की कॉपी झालीय. तो संशय फोटोत इतका स्पष्ट आलाय की तो फोटो पोलीस चौकीत लावता येईल.

मग फट्कन आवाज झाला आणि घरातली सगळी वीज गेली. हॅलोजन, इस्त्री आणि टीव्ही एकाच लायनीवर. सासूबाईंच्या मालिकेत अगदी त्याच क्षणी कोणीतरी कोणाला तरी कुंकू लावत होतं. त्या मला म्हणाल्या, "तुझ्या एका हसण्यापायी तिचं लगीन ऱ्हायलं." आणि मला जरा हसू आलं. नेमकं तेव्हा मुलीच्या मोबाइलचा फ्लॅश उडाला, आणि वीज आल्यावर बघतो तर शेवटच्या फोटोत माझा चेहरा खरंच बरा होता. मैत्रीपूर्ण नाही म्हणणार मी. पण ओळखपूर्ण तरी होता.

फक्त मागचं दिव्यांचं कडं नेमकं माझ्या डोक्यामागे आलं होतं. मी साक्षात तेजस्वी दिसत होते.

सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं. "दिवे बरे आल्यात," त्या म्हणाल्या. "पण तोंडावर तेवढी शांती न्हाई."

मुलगी म्हणाली, "काही टेन्शन नाही. एक ॲप आहे, मागचं सगळं आपोआप पुसतं." तिने बोट लावलं. मोबाइलने विचार केला. आणि मग ती जी हसत सुटली, ती पलंगावर आडवीच झाली. तिच्या हातातून मोबाइल घेऊन मी बघितलं. ॲपने दिवे पुसले होते. भिंत पुसली होती. आणि पांढरी साडी भिंतच समजून मलाही पुसलं होतं. उरलं होतं फक्त माझं डोकं, मानेच्या तुकड्यासकट, हवेत. खाली जरा अंतर सोडून निळ्या काठाची एक रेघ.

माझं डोकं फिरलं. म्हणजे जे उरलं होतं ते.

"डोकं मस्त आलंय पण," नवरा म्हणाला. "शिकवायला डोकंच लागतं ना?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो लगेच कामाचं बोलायला लागला. "अगं, धड लावायचं काम आहे ना? नाक्यावरच्या फ्लेक्सवाल्याकडे चल. दिवसभर तो तेच करतो."

हा फ्लेक्सवाला माझा जुना विद्यार्थी. दहावीला मराठीत पुन्हा पुन्हा नापास व्हायचा. त्याच्या आईने त्याला माझ्यासमोर आणून उभं केलं होतं आणि म्हणाली होती, "मारा, काहीही करा, पण पास करा." मारलं नाही मी. पण पोराने उगाच पाणी प्यायला उठू नये म्हणून त्याच्या शेजारी बाटली ठेवून शिकवलं. पस्तीसला पास झाला. पेढे वाटले होते घरच्यांनी. आता नाक्यावर त्याचं स्वतःचं दुकान आहे. वाढदिवस, अभिनंदन, श्रद्धांजली, दहीहंडी, सगळ्यांचे बॅनर तोच छापतो. पोटही सुटलंय.

"मॅडम!" मला बघून तो उभाच राहिला. अजून राहतो. मी त्याला मुलीच्या मोबाइलमधून माझं डोकं पाठवलं आणि सांगितलं, "साधा फोटो हवा रे. खांद्यापर्यंत. मागे पांढरं."

त्याचा चेहरा पडला. "खांद्यापर्यंत? मॅडम, खांद्याला आम्ही फक्त श्रद्धांजलीला कापतो. आणि मागे पांढरंसुद्धा तिथेच टाकतो. चांगल्या माणसाला असं नाही करत."

"अरे, ऑनलाइन असंच मागतात."

"मागू देत. जिवंत माणूस कमरेपर्यंत पाहिजे. हात दिसले पाहिजेत. एक तर हात जोडलेले, नाही तर कानाला मोबाइल." हे त्याने अशा खात्रीने सांगितलं, की मी क्षणभर विचारात पडले. धंद्याचे नियम असतात प्रत्येकाचे. "तुम्ही बसा मॅडम. झकास करतो."

त्याच्याकडे धडांचा साठा आहे. जाकीटवाली, कुर्त्यातली, फेटेवाली. बायकांची धडं कमी. त्याने एक निवडलं, गुलाबी साडीचं. माझं डोकं त्यावर बसवलं, गाल गोरे केले, कपाळावरची आठी इस्त्री मारल्यासारखी काढून टाकली, आणि मोठ्या अभिमानाने पडदा माझ्याकडे वळवला.

मी कोणत्याही क्षणी निवडणुकीचा अर्ज भरेन, अशी दिसत होते. आणि हात! जोडलेल्या हातांच्या मनगटावर जाडजूड घड्याळ, बोटांत अंगठ्या, आणि बोटांवर केस.

"हे हात पुरुषाचे आहेत रे."

"साडीवालीचे हात कापले गेले होते मॅडम. हे एका इच्छुक उमेदवाराचे लावले. कोणाला कळत नाही."

"मला कळतंय!"

अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, राहू दे बाबा, उद्या सकाळी आम्हीच परत काढतो, आणि तरातरा घरी निघाले. नवरा "पाच मिनिटांत आलो" म्हणून दुकानात थांबला. तिथेच मी चुकले. त्याला मी कधीच कुठे एकटं पाच मिनिटं सोडायला नको.

रविवारी सकाळी दूध आणायला खाली उतरले. भाजीवालीने मला बघून हात जोडले. मला वाटलं तिचं काहीतरी चाललंय. पुढे एक आजोबा रस्ता सोडून बाजूला झाले. मग मी नाक्यावर आले आणि मान वर केली.

वर मी होते. चांगली बैलगाडीएवढी. पोपटी रंगावर, कारण पोपटी रंगाला कुठलाच पक्ष आक्षेप घेत नाही, असं फ्लेक्सवाल्याने नंतर समजावलं. गोरे गाल, गुलाबी साडी, केसाळ हात जोडलेले. खाली: आपल्या लाडक्या मॅडम यांची परदेशी मुलांच्या ऑनलाइन मराठी शिक्षिकापदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त रहिवासी आणि आजी-माजी विद्यार्थी.

निवड झाल्याबद्दल! निवड कुठे झाली होती? नवऱ्याने त्या पाच मिनिटांत फुशारकी मारली होती, "सोमवारी यादीत नाव लागतंय हिचं, डायरेक्ट परदेशात." आणि आमच्याकडची रीतच आहे. कोणाचं काही चांगलं व्हायची चिन्हं दिसली की बॅनर आधी लागतो, चांगलं मागाहून होतं. कधी कधी होतही नाही. गेल्या साली पलीकडच्या गल्लीत एकाचं परदेशात जाणं रद्द झालं, तरी तो महिनाभर विमानासमोर हात हलवत लटकत होता.

मी घरी धावले. नवरा मुलुंडला कामाला गेला होता. म्हणजे पळाला होता. शिडी घरीच ठेवून कामाला गेला, यावरून काय ते ओळखा.

आणि मग लोक यायला लागले.

पहिले ते रस्ता सोडणारे आजोबा. वरच्या मजल्याला पाण्याचा जोर नाही, म्हणाले. मग एक बाई, गटाराचं झाकण गेलंय, तिची मुलगी पडता पडता वाचली. मग दोघं जण स्पीडब्रेकरसाठी. पालिकेच्या निवडणुका तोंडावर होत्या, त्यात पोपटी रंगावरून पक्ष कळेना, म्हणून एकाने विचारलंच, "ताई, अपक्ष का?"

"अहो, मी उभी नाहीये!" मी ओरडत होते. "बॅनर वाचा ना! खाली लिहिलंय सगळं!"

"वाचलं नाही, फोटो बघितला," आजोबा म्हणाले. "फोटोवरून वाटलं."

सासूबाईंना मात्र उत्साह आला होता. त्या प्रत्येकाला पाणी देत होत्या, चहा विचारत होत्या आणि वर सांगत होत्या, "हुईल, हुईल. बघतो आम्ही." त्या गटारवाल्या बाईला तर त्यांनी पुढच्या पावसाळ्याआधी गटार साफ करून देण्याचा शब्द दिला. मी त्यांना खुणा करून थकले.

आजोबांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. वाचलं नाही, फोटो बघितला. परदेशातले पालकही हेच करणार होते. मी काय लिहिलंय, किती वर्षं शिकवलंय, कोण वाचणार? फोटो बघणार, पुढे जाणार. आणि कोणी नाही निवडलं, तर मी त्या नाक्यावर हात जोडून लटकत राहणार, निवड झाल्याबद्दल. रोज दूध आणायला त्याच्याखालून जायचं. मला रडूच आलं एकदम. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, येताना करंगळी शिडीला आपटली.

"बस झालं," मी म्हटलं. "आधी तो बॅनर उतरवायचा. मग फोटो."

दुपार उतरायला लागली होती. फोटोसाठी म्हणून मी किरमिजी कुर्ता घालून बसले होते, त्याच कुर्त्यात मी आणि मुलीने शिडी दोन टोकांना धरून नाक्यावर नेली. फ्लेक्सवाल्याला फोन करून बोलावलं. तो धावत आला, मला शिडीसकट बघून चपापला.

"उतरव," मी म्हटलं.

"मॅडम, लावणारा माणूस आज सुट्टीवर आहे. आणि मला उंचीवर चक्कर येते."

"मग शिडी धर."

बॅनरचं एक टोक त्याच्या दुकानाच्या पोटमाळ्याच्या खिडकीला बांधलेलं, दुसरं समोरच्या खांबाला. खिडकीकडचं सोडायला मुलगी वर गेली. खांबाकडचं सोडायला मी शिडी चढले. पहिल्यांदाच चढत होते. खाली फ्लेक्सवाला शिडीला मिठी मारून उभा, भाजीवाली सल्ले देतेय, आजोबाही आलेत. आणि मी माझ्याच बैलगाडीएवढ्या तोंडाशेजारी उभी राहून नायलॉनच्या दोरीची गाठ सोडतेय. इतक्या जवळून सवयीने नजर गेली. एकही चूक नव्हती. हार्दिक बरोबर, शुभेच्छुक बरोबर.

गाठ सुटेना. तिचा राग फ्लेक्सवाल्यावर निघाला. वरूनच मी त्याला झापायला लागले, "अक्कल गहाण टाकली होतीस का रे? निवड झालीय का माझी? उद्या झालीच नाही तर? ह्या नाक्यावर मी तोंड कसं दाखवू?"

खालून तो म्हणाला, "नाही कशी होणार?"

"आणि कशावरून होणार?"

"काय बोलताय मॅडम!" तो खरंच चिडला होता. मान वर करून, पोट शिडीला लावून, अख्ख्या नाक्याला ऐकू जाईल असा ओरडला. "तुम्ही मला पास केलंय! मला! माझ्या आईला अजून खरं वाटत नाही, ती अजून मार्कशीट उजेडात धरून बघते! मला मराठीत पास करणाऱ्या बाईला कोण नाही म्हणणार? आहे का कोणाची हिंमत?"

त्याच्या आईचं ते मार्कशीट धरणं माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मला जे हसू फुटलं ते आवरेचना. शिडी हलायला लागली. "मॅडम, हलू नका, मॅडम, मेलो," तो खालून. मी खांबाला धरून हसतेय, डोळ्यांत पाणी, आणि तेवढ्यात समोरच्या पोटमाळ्यावरून हाक आली, "मम्मी!"

मी बघितलं.

फोटो मी संध्याकाळी पाहिला. त्या बाजूला मैदान आहे, त्यामुळे माझ्यामागे थंडीतलं स्वच्छ आकाश, दुसरं काही नाही. ना वायर, ना भिंत, ना दिवे. मुलीने तो खांद्यापर्यंत कापला. दात दिसत होते, वरचे आणि खालचेही. वडील असते तर फाडला असता. मी सहाला दहा मिनिटं कमी असताना तो टाकला आणि मोबाइल उलटा करून ठेवला.

सोमवारी काही आलं नाही. मंगळवारी नाही. बॅनर घडी करून पलंगाखाली सारला होता, रात्री कूस बदलली की तो खालून कुरकुरायचा. नवरा घरात आवाज न करता वावरत होता. गटारवाली बाई आठवण करून गेली. बुधवारी मी सासूबाईंना म्हटलं, "आई, नाही होणार हो." त्या म्हणाल्या, "गप ऱ्हा. मी लोकान्ला शब्द दिलाय."

गुरुवारी मेल आला. एका आईने मला निवडलं होतं. एकीनेच. तिने लिहिलं होतं, मुलाला मराठी शिकायचं नाहीये, रोज रडतो, पण फोटो दाखवले तेव्हा तुमच्या फोटोवर थांबला आणि म्हणाला, हिला काहीतरी विचारायचं आहे.

पहिला तास शनिवारी. मी किरमिजी कुर्ता घातला. घरच्यांना स्वयंपाकघरात कोंडलं. पडद्यावर एक दात पडलेला मुलगा आला, हाताची घडी घालून, न शिकण्याची पूर्ण तयारी करून. मी नमस्कार म्हटलं. त्याने घडी आणखी घट्ट केली. मग मोडक्या मराठीत, एकेक शब्द जोडत, त्याने त्याचा प्रश्न विचारला.

"तू फोटोमध्ये आकाशात का आहे?"

"आकाशात नाही रे," मी म्हटलं. "शिडीवर होते."

त्याच्या हाताची घडी सुटली.

"शिडी काय आहे?"

मी उठले. पॅसेजमध्ये गेले, ती मेली शिडी ओढत आणली आणि मोबाइलसमोर उभी केली. करंगळीला लागली, पण मी ओरडले नाही.

"ही शिडी," मी म्हटलं. "म्हण."

तो म्हणाला.